निशाणी बांगडी

खानापूरच्या कचेरीत दस्तखोलीला एकच खिडकी,
तीही जनरेटरच्या बाजूला.
इराप्पा बडिगेर यांनी रुमाल आणून ठेवला,
गाठ सोडता सोडता म्हणाले,
"सावकाश हं बाई, पान बोटाला चिकटून येतंय."

पुण्याहून भालूने वंशावळ पाठवलीय.
सात पिढ्या, सगळे पुरुष,
एकाखाली एक, नळाच्या तुकड्यांसारखे जोडलेले.
सगळ्यात वर : मूळ पुरुष सटवोजी, पदरी घोडा.
घोडा कुठून आला विचारलं,
तर म्हणतो, सगळेच सांगतात.

मी घोडा शोधायला आले होते.

मौजे कणगवाडी. फसली बाराशे एक्केचाळीस.
मोहतर्फा.
म्हणजे ज्यांच्या हाती शेत नाही, हुन्नर आहे,
त्यांच्यावरचा कर :
माग, भट्टी, चाक, दुकान, घाणा.
मोडी मी साठीनंतर शिकले.
अक्षरं एकमेकींचा पदर सोडत नाहीत,
एका ओळीला अर्धा तास जातो.

सटवोजी तेली. घाणा एक. बैल एक.
रुपये दोन, आणे आठ.
घोडा नाही.

पुढल्या साली शेरा :
बैल आंधळा जाहला, सबब सूट मिळावी.
त्याखाली दुसऱ्या हाताचं अक्षर :
घाण्यास डोळे लागत नाहीत. सूट नाही.

त्याच्या पुढल्या साली :
सटवोजी परागंदा. बाकी रुपये सहा, आणे चार.

परागंदा.
केवढा भारदस्त शब्द,
चपला हातात घेऊन रात्री निघालेल्या माणसाला.

भालूच्या कागदावर यानंतर लगेच मुलगा येतो,
एक सरळ रेघ मारली की झालं.
वहीत तसं होत नाही. वहीत वर्षं येतात.
चव्वेचाळीस. पंचेचाळीस. शेहेचाळीस.
आणि दर सालाला तीच ओळ :
लखव्वा, सटवोजीची बायको. घाणा एक.
रुपये दोन, आणे आठ.
मागील बाकीपैकी आणे आठ.
निशाणी बांगडी.

सही न येणाऱ्या कुणब्याचा नांगर काढायचे,
बाईची बांगडी.
नऊ सालं, नऊ वर्तुळं,
एकही नीट मिटलेलं नाही.
लिहिणाऱ्याला घाई असणार.

वंशावळ तिला विसरली.
वसुली कशी विसरेल?

समासात आडवं काही लिहिलं होतं.
मला वाटलं शाईचा डाग,
बडिगेरांनी चष्मा वर सारून वाचलं :
गाणिगेर, मलप्रभेपलीकडील.
"म्हणजे तेलीच की. पण आमच्याकडचे," म्हणाले,
आणि एकदम खुशीत येऊन अर्धा अर्धा चहा सांगितला.

चहा पिताना मला उगाच आठवलं,
आमचे अप्पा गल्लीत स्कूटर वळवताना
हँडलला म्हणायचे, होळ्ळु, होळ्ळु.
आम्ही हसायचो. अप्पाही हसायचे.
त्यांचे वडील शिवणयंत्राच्या चाकाला म्हणायचे तेच.
अर्थ कुणालाच ठाऊक नव्हता,
तेलाचं दुकानसुद्धा आमच्यात कुणी पाहिलेलं नाही.

बडिगेरांनी कप खाली ठेवला.
"वळ, म्हणतात," ते म्हणाले. "बैलाला."

जनरेटर बंद पडला, परत सुरू झाला.

संध्याकाळी स्टँडवरून भालूला फोन केला.
घोडा नव्हता रे.
मग काय होतं?
बैल. तोही आंधळा.
बराच वेळ पलीकडून काही नाही.
मग म्हणाला, हे छापायचं का?
मी म्हटलं, आधी एक नाव घाल. जागा कर.
कुठे? रेघा झाल्यात सगळ्या.
बस आली म्हणून ठेवला फोन.

बाराशे त्रेपन्नची वही वाळवीनं खाल्लीय.
तेव्हा हिशेब आहे तिथंच थांबतो :
सहा रुपये चार आण्यांतून
साडेचार रुपये तिने भरले.
एक रुपया बारा आणे
अजून आमच्याकडे निघतात.