सेल्फ घेते, पेटत नाही

नवतपाचा तिसरा दिवस.
मेट्रोच्या खांबाची सावली जिथवर पुरते
तिथवर शालिक वैरागडेचं गॅरेज.
सावली सरकली की गॅरेजही सरकतं:
जॅक, पाने, पाण्याची कॅन, भाचा तेजराम.

माझी पद्मिनी, सत्त्याऐंशीची,
कामठीहून येताना ऑटोमोटिव्ह चौकात बंद पडली.
(हसायचं असेल तर हसा.)
टेम्पोवाल्यानं दोरीनं ओढून इथं सोडली.

"काय झालं जी?"
मी तोंड उघडलं. स आला, पुढचं आलं नाही.
मग सरळ किल्ली फिरवली.
घर्र घर्र घर्र घर्र घर्र
तो मान तिरकी करून ऐकत राहिला.
किल्ली सोडली, तरी ऐकत राहिला.

लोक सहसा मधेच वाक्य पुरं करून देतात.

"बॅटरी ठणठणीत. सेल्फ बराबर घेऊन रायली.
पेटून नाही रायली."

हेच निदान, मी पहिलीत असताना, कोणी केलं असतं तर.

आधी पेट्रोल. कार्बोरेटरची नळी काढून बाटलीत धरली.
किल्ली. पिचकारी उडाली,
अर्धी बाटलीत, अर्धी तेजरामच्या चपलेवर.
मग प्लग काढले, चारही. ओले.
एकेक हुंगला त्यानं,
बाजारात खरबूज हुंगावं तसा.
"इथवर येऊन थांबलं."

मला ठाऊक आहे ती जागा.
दातांच्या आत, जिभेच्या जरा मागे,
सगळं भिजून तयार,
मान ताठ, छाती दाबतेय,
आणि ऑटोवाला विचारतोय, कुठं?

सक्करदरा.
एवढंच म्हणायचं असायचं.
अकरा वर्षं मी मेडिकल चौक म्हटलं,
कारण म ओठांवर असतो,
आणि उरलेलं चालले.
भूमापनच्या ऑफिसात नकाशे काढते मी.
ते अंतर कागदावर एका बोटाचं आहे.
मग छावणीतल्या एका रिटायर्ड सुभेदाराकडून
ही गाडी घेतली.
सगळ्यांना वाटलं, हौस.
स्टिअरिंगला पत्ता सांगावा लागत नाही,
बाकी काही नाही.

"आता करंट."
तेजरामनं वायर पकडीत धरून
इंजिनापासून गव्हाच्या दाण्याएवढी लांब ठेवली.
किल्ली. काही नाही.
कॉइलची वायर. किल्ली. काही नाही.
डिस्ट्रिब्यूटरची टोपी निघाली, रोटर निघाला,
आणि आत खाली, पॉइंट:
दोन बारक्या चकत्या, एकमेकींना टेकून बसलेल्या.
"पाह्या. हे उघडूनच नाही रायले."

मला वाटायचं, जुळलेलं असलं की वीज वाहते.
तेवढं पुरे.

"ठिणगी जुळताना नाही पडत जी. सुटताना पडते."
हे त्यानं मान वरही न करता सांगितलं,
पॉलिश पेपरनं घासत.

गेज कुठंतरी हरवलेला.
डब्यातून त्यानं लग्नपत्रिकेचा तुकडा काढला,
चि. सौ. कां. एवढंच उरलेलं,
पुढे कोण, ते ग्रीसखाली गेलेलं.
चकत्यांमध्ये सरकवला. स्क्रू कसला. ओढून पाहिला.
जरासा अडून निघाला.
"बस. इतकीच फट पाह्यजे.
कमी झाली का मुकी. जास्त झाली का अडखळते."

अडखळणे हा शब्द माझ्यासमोर सगळे टाळतात.
तो बोलून गेला आणि पाना शोधायला लागला.

टोपी बसली. किल्ली.
घर्र घर्र घ
आणि धरलं तिनं.
काळा धूर, मग करडा, मग नुसता थरथराट,
डॅशबोर्डवरचं सुभेदाराचं होकायंत्र लटलट हलणारं.

"दीडशे द्या. कुठी जाचं आता?"

स आला. थांबला.
इंजिन चालू होतं.
शालिकभाऊ फडक्यानं हात पुसत होता,
एकेक बोट, नखांच्या कडांपर्यंत.
सावली अजून वीतभर शिल्लक होती.

"स
      क्करदरा."

"मंग छोट्या ताजबागकडून नका जाऊ," तो म्हणाला,
"तिकडे खोदून ठेवलं आहे."