उजवीकडची नामे

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, वरच्या मजल्यावर,
दर मंगळवारी सहा ते आठ.
हीटर एकाच बाजूला तापतो,
म्हणून सगळा वर्ग त्या भिंतीला चिकटून बसलेला.
ग्लेनिसबाई फळ्यावर मधोमध रेघ ओढतात:
डावीकडे मोजता येणारी नामे,
उजवीकडे न येणारी.

खुर्ची डावीकडे. टेबल डावीकडे.
दोन्ही मिळून फर्निचर, ते उजवीकडे.
"म्हणजे एकत्र आलं की मोजणी बंद?"
रेबवार विचारतो. तो सोफे वाहतो,
अरुंद जिन्यांनी, चौथ्या मजल्यापर्यंत.
त्याच्या पाठीला एकूण एक नग पाठ आहे.

मनी उजवीकडे, म्हटल्यावर हशा पिकतो.
बोझेना पाकीट बाकावर उलटं करते:
चार पौंड तीस पेन्स.
मोजून झाले.

मी मदतनीस. कागद वाटतो, पेन्सिलींना टोक करतो,
आणि मनातल्या मनात घरच्या भाषेकडे वळतो:
तांदूळ निवडले, तांदूळ धुतले,
शिजल्यावर भात झाला.
अनेकवचन नेमकं कितव्या शिट्टीला गेलं
हे आम्ही कधी कुणाला विचारलं नाही.

आता गाळलेल्या जागा.
लेतेब्रहानने लिहिलंय: थ्री वॉटर्स.
ग्लेनिसबाई शेवटच्या अक्षरावर फुली मारतात.
"पाणी मोजत नाहीत गं. ग्लास मोज, बाटली मोज."

ती खोडरबर उचलत नाही.
वाळवंटात मोजायचे, म्हणते.
ट्रकवाला कॅनच्या झाकणाने द्यायचा,
पेट्रोलचा वास मारणारं.
उजाडताना एक,
ऊन डोक्यावर आलं की एक,
अंधार पडल्यावर एक.
थ्री वॉटर्स.

"आणि माणसं?"
कोण विचारतं कळत नाही. बहुतेक मीच.

"माणसं त्याने चढताना मोजली."
तिचं इंग्रजी इतका वेळ अडखळत होतं,
या वाक्याला अडखळलं नाही.
"उतरताना नाही."

हीटर टकटक करत राहतो.
ग्लेनिसबाई फुलीवरून अंगठा फिरवतात,
पण ती शाईची आहे.
मग शेजारी बारीक अक्षरांत काहीतरी लिहितात,
मी ते वाचत नाही,
आणि "पुढच्या मंगळवारी भूतकाळ" म्हणून
फळा पुसायला लागतात. आधी उजवी बाजू.

खाली कॅफे बंद व्हायच्या बेतात.
बोझेना काउंटरवर वाकून म्हणते, फाइव्ह टीज, प्लीज,
आणि चोरी पकडल्यासारखी मागे बघते.
चहा उजवीकडे होता.
काउंटरवरची पोरगी काही दुरुस्त करत नाही.
कागदाचे पाच कप मांडते,
साखर किती, विचारते.
रेबवार दोन बोटं दाखवतो: टू शुगर्स.
तेही चालतं.

बाहेर बंदरावरून मासळीचा वारा.
सगळे घोट घेत बसची वाट बघतात.
लेतेब्रहान कपाचं झाकण काढते,
तळहातावर उलटं ठेवते,
त्यात किती मावेल ते पाहिल्यासारखं पाहते
आणि पुन्हा नीट, कडेकडेने दाबून,
लावून टाकते.