खळ

पाण्यात पडली की गोळी उसळते.
ग्लासात बारीकसा कारखाना सुरू होतो
आणि कुजक्या अंड्याचा वास येतो.
नायना नाक मुरडतो. "बिघडलंय हे. परत दे."
बिघडलेलं नाही. त्याचा वासच तसा.
हिरेमठ केमिस्टांनी आधीच सांगितलं होतं,
पट्टीमागची तारीख माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतली होती.
पूर्ण विरघळू द्यायची. चघळायची नाही.
लगेच प्यायची, झाकून ठेवायची नाही.
आणि दिवसभर पाणी, भरपूर.
आमच्या विडी घरकुलात नळ येतो चौथ्या दिवशी.

एकतीस वर्षं त्यानं सायझिंगमध्ये खळ शिजवली.
वाफेत हात घालायचा, दोन बोटांत तार धरायचा,
म्हणायचा, अजून दोन बादल्या.
किंवा म्हणायचा, बस्स.
घट्ट राहिली तर ताणा ताठतो, मागावर तटातट तुटतो.
सूत त्याच्या बोटांचं ऐकायचं.
रुईची धूळ मात्र कुणाचंच ऐकत नव्हती,
ती आत जाऊन बसली.

पहिल्या रात्री अम्मानं फळीवरची जुनी बाटली काढली,
शेजारच्या यल्लूबाईच्या नातवाची, खोकला दाबायची.
हजार विड्या वळून तिची बोटं बधिर झालेली,
तिला फक्त झोप हवी होती. गोळीवर दोन झाकणं पाजली.
खोकला थांबला.
अख्खी गल्ली झोपली. मीसुद्धा.
पॉवरलूमचा पट्टा तुटल्यावर होते ना, तशी शांतता,
आणि मग त्या शांततेच्या तळाशी
काहीतरी उकळल्यासारखी घरघर.

अडीच वाजता रिक्षा. सिव्हिल. नळी, मास्क.
डॉक्टरीण माझ्याहून लहान असेल,
तिनं एका हातात पट्टी धरली, दुसऱ्या हातात बाटली.
"ही कफ सोडवते. ही दाराला कडी लावते.
सुटलेला कफ जाणार कुठे?"
अम्मा जमिनीकडे बघत होती.
मग प्रश्न. दमा? लेदु. बीपी?
आहे, गोळी चालू आहे.
(उसळणाऱ्या गोळीत मीठ असतं, हे मला तेव्हा कळलं.)
पोटात कधी जखम, अल्सर?
अम्मा लेदु म्हणाली, आणि मग थांबली.
कारखाना बंद पडला त्या वर्षी
आठवडाभर काळी शी होत होती.
कुणाला सांगितलं नव्हतं. मलाही नाही.
डॉक्टरिणीनं पेन उचललं, खाली ठेवलं,
गोळी बदलून दुसरं लिहिलं,
जेवणानंतर, मोजके दिवस.
छातीत शिट्टी वाजली, काळी शी झाली,
थुंकीत रक्त दिसलं तर पुढची तारीख नाही बघायची,
सरळ यायचं.

घरी येऊन मी सायझिंगच्या भाषेत समजावलं:
हे औषध फक्त खळ पातळ करतं, नायना.
उपसायची तूच.
तो खूप वेळ काही बोलला नाही.
कारखाना आठवत असावा, किंवा नसावा.
अम्मानं ती बाटली मोरीत ओतली,
विड्यांचं सूप उचलून बाहेरच्या जिन्यावर नेलं
आणि तंबाखूची धूळ उडू नये म्हणून
भिंतीकडे तोंड करून बसली.

आता पहाटे तो कट्ट्यावर बसतो,
पुढे वाकून, गुडघ्यांवर कोपर टेकून.
खोकतो. यल्लूबाईची खिडकी आपटते.
आपटू दे.
आत मी टॉवेलच्या घड्या घालते, डझनाचा गठ्ठा बांधते,
आणि खोकला मध्येच थांबला
तर माझा हातही थांबतो.

मग पुन्हा सुरू होतो, ओला, खालून आलेला.
तो वाटीत वाकून बघतो,
अंगठा आणि तर्जनी हवेत एकमेकांवर घासतो,
जुन्या सवयीनं.
"अजून घट्ट आहे," म्हणतो.
"नीळ्ळु दे."
मी चौथ्या दिवसाचं पाणी
तांब्याभर ओतते.