वाढत्या अंगाचं

ऑगस्टचा शेवटचा शनिवार.
स्विंडनच्या मेथडिस्ट चर्चमागचा हॉल.
आम्ही टेबलं जोडतो. त्यातलं एक लंगडं.
ग्लेनिस त्याच्या पायाखाली भजनांचा जुना कागद
घडी करून सारते,
वर बघून म्हणते, त्याला चालतं.

माझ्याकडे नावं उसवायचं काम.
छोटी कात्री, सुई, जवळचा चष्मा.
कुणाच्या तरी आईनं रात्री अकराला
कॉलरच्या आत टाचलेलं नाव
एकेक टाका सोडवून काढायचं.
फ्रेया. इम्रान. कोबी.
कोबी नावाचा मुलगा आहे या गावात,
दर वर्षी त्याचा शर्ट येतो
आणि मला दर वर्षी हसू येतं.
इस्त्रीनं चिकटवलेली नावं हट्टी,
निघाली तरी जागेवर चकाकी सोडतात.

कुणासाठी हवंय ते विचारायचं नाही,
माप विचारायचं.
हा ग्लेनिसचा नियम.

एक बाप बराच वेळ दाराबाहेर
फोनमध्ये डोकं घालून उभा.
आत आला तेव्हा म्हणाला,
शेजारणीच्या मुलासाठी. करड्या पँट दोन,
सात-आठ वर्षांच्या. काळे बूट, असले तर.
शेजारणीच्या मुलानं
त्याचं बोट धरलेलं होतं.

शेजारीण मीही सांगितली होती,
नऊ वर्षांपूर्वी, याच लंगड्या टेबलाशी,
प्रसादची नोकरी गेली त्या उन्हाळ्यात.
शाळेचं चिन्ह असलेला हिरवा स्वेटर
दुकानात अठरा पौंडांना होता.
मी तो हातात घेऊन
लोकर बघितल्यासारखं केलं होतं आणि परत ठेवला होता.
ग्लेनिसनं ढिगातून दोन मापं मोठा काढून दिला.
वाढत्या अंगाचा, हे तिला इंग्रजीत कसं सांगावं
मी अजून शोधतेच आहे.

दुपारी गर्दी. एक आजी, युक्रेनची,
फुकट जेवणाच्या फॉर्मवर
'मुलाशी नातं' या चौकटीत अडून बसली.
बटणांचा डबा सांडला.
पँटची दुमड सोडली की जुनी रेघ उरते,
व्हिनेगर, ओलं फडकं, काही चालत नाही.
मी सगळ्यांना सांगते, बुटावर येईल, दिसणार नाही.
दिसते.

आणि मग तो आला, पिशवीच्या तळाशी.
कोपरावर लोकर विरलेली, हिरवा फिका पडलेला.
आत पट्टीवर निळ्या बॉलपेननं निहार,
शेवटच्या आरची शेपटी माझीच.
त्यावर काट मारून जेक,
त्यावर काट मारून अडेझे.
निहार आता दारातून वाकून जातो,
त्याला हा स्वेटर आठवणारही नाही.
मी कात्री उचलली, ठेवली.
चहा आणायला गेले.

परत आले तर एका मुलीनं तो घातलेला,
बाह्यांत हात हरवलेले,
रिकामी टोकं फडफडवत टेबलाभोवती धावत होती.
तिची आई लुर्डिस, गोव्याची, गोदामातल्या
रात्रपाळीहून थेट आलेली,
भिंतीला टेकून बघत होती.
दुसरं माप काढू का, मी विचारलं.
ती म्हणाली, नाका गो, वाडटलें तें.

मुलीनं गळा उलटा करून विचारलं,
ही मुलं कोण?
यात मावेनाशी झाली ती, मी म्हटलं.
तिनं माझं पेन मागितलं,
उरलेल्या बोटभर जागेत जीभ बाहेर काढून
शेनिया लिहिलं. पहिलं अक्षर उलटं.
मी दुरुस्त केलं नाही.

पाच वाजता झाडू मारला. धागे, टाचण्या,
एक अनाथ मोजा.
बापानं बूट नेले का, ग्लेनिसनं विचारलं.
नेले. एक माप मोठे.

रात्री घरी स्वयंपाकघरात
पाय जड वाटला म्हणून खाली बघितलं,
तर मोज्याच्या तळव्याला चिकटून
नावाची पट्टी आलेली.
कोबी.
कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेले,
मग फ्रिजवर लावून ठेवली.