प्रवासी क्षमता १४

समितीचं कामकाज गोपनीय असतं,
म्हणून कोणती समिती, कोणतं साल, ते सांगणार नाही.
लाँचबद्दल मात्र बोलायला हरकत नसावी.

बामणोलीच्या धक्क्याला ती लागलेली होती,
निळ्या रंगाचे पोपडे सुटलेले
आणि चाकाशेजारी हातानं रंगवलेली अक्षरं:
प्रवासी क्षमता १४.
आम्ही अकरा. आठ सदस्य, एक अवर सचिव,
काखेत नकाशांची गुंडाळी धरलेला एक इंजिनियर
आणि मी, लघुलेखक, टोक केलेल्या चार पेन्सिलींसह.

सभागृहात या पुलाला दीड मिनिट मिळालं होतं.
तेही मीच टिपलं होतं.
तारांकित प्रश्न. छापील उत्तर:
'होय, हे खरे आहे. काम प्रगतिपथावर आहे.'
मग कुणी बाक वाजवला,
कुणी पुलावर बोलायला उठून कापसाच्या भावावर गेला,
घंटा झाली,
आणि पूल पुढच्या प्रश्नाखाली बुडाला.
दोष कुणाचा म्हणावा?
दोनशे अठ्ठ्याऐंशी माणसं, एक दुपार,
आणि सगळ्या राज्याचे पूल, धान्य, दवाखाने रांगेत.
एवढ्या तोंडांनी प्रश्न विचारता येतो,
उत्तर ऐकायला लहान जागा लागते.

"ज्याकिटं घाला, साहेब," उतेकर लाँचवाला म्हणाला.
बाईंच्या नारिंगी जाकिटाचा पट्टा अडकला,
तो अण्णांनी सोडवला.
याच बाईंच्या एका वाक्यावरून
आदल्या आठवड्यात अण्णांनी सभात्याग केला होता.

मधोमध पाण्यात नकाशा उघडला. खांब सात.
अण्णांनी बोट नाचवत मोजले. पाच.
बाईंनी मोजले. पाचच.
"दोन पाण्याखाली आहेत," इंजिनियर म्हणाला.
उतेकरनं इंजिन बंद केलं.
"मे महिन्यात हितं तळ उघडा पडतो, साहेब.
मी म्हस घेऊन येतो.
खांब असता तर तिनं अंग घासलं असतं."

लघुलिपीत शांततेला खूण नाही.
मी एक कंस उघडला,
आत काही लिहिलं नाही, आणि मिटला.

पलीकडच्या काठावर, शाळेच्या ओट्यावर
अंगणवाडीच्या संकपाळबाईंनी एक वही पुढे केली.
लाँच सुटली नाही त्या दिवसांवर लाल रेघ.
एका रेघेपुढे बाळंतिणीचं नाव
आणि त्याच्यापुढे काहीच नाही.
चार वर्षांत सभागृहात अक्षर न काढलेल्या एका सदस्यानं
चष्मा पुसला, विचारलं:
"वारा साधारण किती वाजता सुटतो?"
मग दुसऱ्यानं विचारलं. मग बाईंनी.
इंजिनियर हळूहळू खरं बोलायला लागला,
कारण समोर गॅलरी नव्हती, कॅमेरा नव्हता,
टाळी वाजवायला कुणी नव्हतं.
चहावर साय धरली.

समिती नेमली की विषय मेला, असं म्हणतात लोक.
वाईचा माझा मेहुणा तर हे जेवताना म्हणतो,
मुद्दाम, माझ्याकडे बघून.
मी भाकरी मोडत राहतो.
कितीतरी अहवाल मी टाइप होताना पाहिलेत
आणि नंतर कपाटातही पाहिलेत.
हाही बत्तीस पानांचा, सभागृहासमोर 'ठेवला'.
अर्ध्या मिनिटात ठेवून झाला.
पण परिच्छेद एकोणीसमध्ये म्हैस आहे,
साक्षीदाराच्याच शब्दांत.
तो भाग गाळू या का, असं अवर सचिवांनी विचारलं होतं.
बाई आणि अण्णा एकदमच 'नाही' म्हणाले.
एवढं एकमत मी मुंबईत कधी टिपलेलं नाही.

निवृत्तीनंतर परवा गेलो होतो.
खांब सहा.
मी दोनदा मोजले, जुनी सवय.
सातव्याचं अजून काही खरं नाही.
उतेकर म्हातारा झालाय, लाँच मुलगा चालवतो.
"सहावा पक्का हाय," म्हणाला,
"म्हशीला दाखवून आणला."