मापाची वही

शाळेचे गणवेश आर्वीहून तयार यायला लागले,
तेव्हा वहीची शेवटची चाळीस पानं कोरी राहिली.
आता तिथे छाती लिहितो
दोन कालवडींची, दर सोमवारी.
टेप तीच, पिवळी,
पहिल्या इंचापाशी झिजलेली.

रेवडी आणि भिंगरी. दोघी गवळाऊ,
दोघींच्या जन्मात सहा दिवसांचं अंतर.

मका एकाच वावरातला.
अर्धा कापला दाणा चिकात असताना.
धनराज निंभोरकरच्या कुट्टीला पातं नवं होतं,
तुकडा निघाला शर्टाच्या बटणाएवढा.
मुठीत दाबून पाहिला, पाणी गळलं नाही,
आणि मूठ उघडल्यावर गोळा
जरासा विचार करून सुटला.
मंजुळानं बॅगेत उतरून थर तुडवले,
कोपरे टाचेनं.
"हवा राहू देऊ नका," म्हणे, "हवा म्हणजे उंदीर."

उरलेल्या अर्ध्याला अकरा दिवस गेले.
आधी धनराजच्या साळ्याचा साखरपुडा,
मग थ्री फेज रात्री एकला,
मग पातं बोथट.
पानं कागदासारखी वाजत होती.
तुकडे निघाले बोट-बोट लांब, फाटलेले,
बोथट कात्रीनं टेरिकॉट फाटावं तसे.
दाबलं तरी फुगून वर यायचे.
मी म्हटलं, चालते बाप्पा, जनावरच तर हाये.

चालते.
शिंप्यानं हा शब्द तोंडात धरू नये.

पंचेचाळीस दिवसांनी पहिली बॅग उघडली.
मुरघासाचा वास आंबट-गोड,
ताकाच्या मडक्याशेजारी सीताफळ पिकत ठेवावं तसा.
दुसरीत हात घातला तर आत ऊन.
वर पांढरी बुरशी, खाली तंबाखूचा वास.
बुरशी उकिरड्यावर टाकली,
राहिलेलं भिंगरीच्या गव्हाणीत.
ती जिभेनं पानं वेचायची,
दांडे सकाळी तसेच.

आठ सोमवार.
रेवडी एकेचाळीसवरून चव्वेचाळीस.
भिंगरी एकेचाळीस, एकेचाळीस, सव्वाएकेचाळीस.
त्यातला पाव मी खोटा लिहिला.

वाढत्या पोट्ट्यांच्या कपड्यात
दोन बोटं माया ठेवायचो, आत दुमडून.
पुढच्या जूनला त्यांची आई उसवून घ्यायची.
भिंगरीच्या बरगड्यांवर टेप फिरवताना
बोटं सवयीनं शिवण शोधत होती.

मंजुळानं वही पाहिली. काही बोलली नाही.
पहिल्या बॅगेतली पाटी आणली
आणि दोन्ही गव्हाणींत अर्धी-अर्धी ओतली.
रेवडीनं शिंग नसलेलं डोकं
खुंट्यावर आपटलं.

मी पाव खोडला.
धनराजला निरोप धाडला,
पुढच्या पोळ्याआधी पातं माह्याकडे आण,
कात्र्यांसंगं घासून ठेवतो.

सोमवारी टेपचं टोक भिंगरीच्या तोंडात होतं.
चघळत उभी.
ओढून घेतलं नाही.