नेलपॉलिशच्या खुणा

निशिकांत मस्कतला गेला तेव्हा
माळ्यावर एक चपटी बॅग राहिली.
आत प्लायवूडची फळी, फळीवर पाच पेडल,
साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठे डबे,
आणि प्रत्येकाच्या बटणाशी एक लाल ठिपका.
माझ्या नेलपॉलिशचा.
बारावीत हरवली होती ती बाटली.
मी आईवर संशय घेतला होता.

एकवीस वर्षांनी फोन करून विचारलं तर म्हणाला,
ठिपक्यावर ठेव, हात लावू नकोस, काम होईल.
कसलं काम, ते त्याला आठवेना.

मग लॅमिंग्टन रोड, जिन्याखालचा गाळा,
एडविन डाबरे, वसईचे.
कानावर सोल्डरची तार, पेन्सिल अडकवावी तशी.
फळी उलटी केली, हुंगली, म्हणाले,
कपॅसिटर गेलाय. बाकी माणूस नीट होता.
पुढच्या शनिवारी दुरुस्त करून दिली
आणि उभ्याउभ्याच शिकवलं.

हा कॉम्प्रेसर. पंगतीत वाढणारी बाई समजा.
ओरडून मागणाऱ्याला अर्धी पळी,
गप्प बसलेल्याला न मागता दोन.
फार दाबलंत तर
सगळ्यांची भूक सारखीच दिसायला लागते.

हा ओव्हरड्राइव्ह. दुपारी दोनला
कोळणीचा घसा जिथे पोचलेला असतो, तिथला आवाज.
सकाळी सातचा नाही.

कोरस म्हणजे एकच ओळ दोघांनी म्हणायची,
दुसऱ्याने किंचित चुकायचं.
सोसायटीच्या आरतीत हे फुकट होतं.

डिले मी विचारला नाही.
आई भांडायची तेव्हा एकच वाक्य
आधी माझ्या तोंडावर,
मग हळू, ओट्याकडे वळून,
मग नुसतंच भांड्यांतून.

रिव्हर्ब म्हणजे जागा.
कन्नमवार नगरातल्या आमच्या सव्वादोनशे फुटांत
गाद्या, कपाट, दोरीवरचे कपडे
आवाज गिळून बसतात,
टाळी वाजवली तर परत येत नाही.
हे बटण उजवीकडे नेलं की भिंती मागे सरकतात,
छत उंच जातं, आणि मी उभी
एका रिकाम्या दगडी हॉलमध्ये,
स्टॅम्प ड्युटी न भरता.

आणि क्रम, डाबरे म्हणाले, क्रम सांभाळा.
आधी फाटू द्या, मग घुमू द्या.
उलट केलंत तर घुमणंच फाटतं,
चिखल होतो, अक्षर लागत नाही.
मग पाकिटात नोटा कोंबत,
पण चिखलच हवा असेल तर करा,
पोलीस येत नाही.

रात्री ट्यूबलाइट बंद केली,
ती तारांतून गुणगुणत राहते म्हणून.
अंधारात पाच लाल दिवे. कानात हेडफोन.
सगळी बटणं ठिपक्यांवर ठेवली
आणि आला, हुबेहूब निशिकांत,
एकोणीस वर्षांचा, गच्चीवर,
कुणावर तरी चिडलेला.
बोटं माझी, चीड त्याची.
चार रात्री ती वापरली.
त्याच्या जुन्या शर्टासारखी
खांद्यावरून घसरत होती.

पाचव्या रात्री ड्राइव्ह खाली आणला,
ठिपक्याच्या बराच खाली,
जिथे हळू छेडलं तर तार साफ बोलते
आणि जोर केला तरच खरखरते.
राग बटणातून काढून मनगटात घेतला.
हे डाबरेंनी सांगितलं नव्हतं.
मग वायरी उपसून क्रमही फिरवला,
घुमणं आधी, फाटणं नंतर.
चिखल झालाच.
ओहोटीला खाडीकडून येतो तसा, वासासकट.
मला आवडला.

रविवारी रिमूव्हर आणि कापूस घेऊन बसले.
चार ठिपके गेले.
डिलेवरचा पुसताना
डब्याचा निळा रंगच निघायला लागला,
तशी थांबले.
आता तिथे अर्धा ठिपका आहे.
बटण मी त्याच्या आसपास ठेवते.
रोज नाही.